केराच्या तीन टोपल्या

आता घरोघरी संगणक आहेत. पडद्याच्या एका कोपऱ्यात केराची टोपली असते, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्या वाट्याला अशा टोपल्या तीन आल्या. एक धुळ्याला, दोन जळगावला. दिसायला एकीसारखी दुसरी. पण तीन सुनांना एकसारखी लुगडी नेसवली म्हणून त्यांचे स्वभाव काही एक होत नाहीत, तसं या तिघींचं झालं. तो स्वभावातला फरक मला वेळेवर कळला नाही.

लोक म्हणतात, मावशी फार बोलतात. बोलते खरी. एसटीत शेजारी बसलेल्या बाईला पुढचं पाळधी गाव यायच्या आत माझी सगळी कुंडली कळलेली असते. पण हे एवढं मी सात-आठ वर्षं कुणाला बोलले नव्हते, आणि बोलले तेही एकीलाच. आता लिहून ठेवते.

आम्ही दोघी बहिणी. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. वडील जळगावला एका छापखान्यात जुळारी होते. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे उचलून ओळी जुळवणारा. लाकडी केसमध्ये खणच खण, एका खणात क, एकात ख, एकात काना. वडिलांनी आम्हाला शाळेत चौथीपर्यंत घातलं आणि मग छापखान्यात आणून केसपुढं उभं केलं. मुलींना कुणी तिथं उभं करत नसे. वडील म्हणायचे, "खिळ्याला काय ठाऊक उचलणारा हात कुणाचा." त्यांचा दुसरा एक मंत्र होता, तो पुढं मला फार महागात पडायचा होता: "जुळाऱ्यानं वाचू नये, जुळवावं. वाचत बसला की चुकतो." खरंच आहे ते. लग्नपत्रिका जुळवताना नवरीचं नाव वाचून आपण तिचा विचार करायला लागलो की हमखास वेलांटी उलटी पडते.

आम्हा दोघींचा आवाज एक होता. जाडा, घरातला घरात राहू न शकणारा. आतल्या खोलीतून कुणी ओ दिली हे वडिलांनाही ओळखू यायचं नाही. अक्का लग्न होऊन धुळ्याला गेली, तिथं एका मोठ्या छापखान्यात कामाला लागली. मी जळगावलाच राहिले, वडिलांच्या जागी. माझं लग्न व्हायचं राहून गेलं, ते का याला आता अर्थ नाही. अक्काचा फोन छापखान्यात आला आणि मी बाहेर गेलेली असले की आमचे शेठ तिलाच दटावायचे, "बाई, तुम्ही कुठं जाऊन बसलात, इथं पत्रिकेचं गिऱ्हाईक खोळंबलंय." अक्का पण बेरकी. "येते शेठ, दहा मिनिटांत," म्हणायची आणि ठेवून द्यायची.

मग खिळे गेले आणि संगणक आले. दोन्ही गावांत वर्षा-दीड वर्षाच्या अंतरानं आले, पण वेगळ्या जातीचे. धुळ्याच्या छापखान्यात मॅकिन्टॉश आला, सगळे त्याला मॅक म्हणत. एवढासा डबा, पडदा वहीच्या पानाएवढा, माउसला बटण एकच. आमच्या शेठनी आणला तो साधा पीसी. त्याचा डॉसचा पडदा काळा, त्यावर नुसती अक्षरं चमकायची. त्या डॉसवर शेठच्या कुणा भाच्यानं जेम नावाचं काहीतरी घालून दिलं, आणि मग काळ्या पडद्याच्या जागी चित्रं आली. फायलींचे खण, फ्लॉपीचं चित्र, खालच्या बाजूला केराची टोपली. शेठनी नारळ फोडला आणि पडद्याला कुंकू लावलं. पुसलं तरी त्याचा लालसर डाग काचेच्या कडेला राहिला.

मी सुट्टीला धुळ्याला जायचे तेव्हा दुपारी अक्काच्या छापखान्यात जाऊन तिच्या शेजारी स्टुलावर बसायचे. दोघींचं एकच भांडण, यंत्र कुणाचं चांगलं.

"तुन्हं यंत्र उतावळं शे," अक्का म्हणायची. आम्ही दोघी एकमेकींशी अहिराणी मिसळूनच बोलायचो; शे म्हणजे आहे. खरंच होतं ते. जेममध्ये बाण नुसता वरच्या पट्टीवर नेला की यादी धाडकन खाली पडायची, बटण दाबायचीही वाट बघायची नाही. मॅकमध्ये दाबून धरल्याशिवाय काही उघडायचं नाही.

"आणि तुन्हं यंत्र नखरेल," मी म्हणायचे. "फ्लॉपी बाहेर काढायला बटण सुद्धा नही."

मॅकची ती गंमतच होती. फ्लॉपी काढायची तर पडद्यावरचं तिचं चित्र माउसनं धरायचं, ओढत न्यायचं आणि केराच्या टोपलीवर सोडायचं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अक्काचा हात धरला. म्हटलं, बाई, केरात काय टाकते. ती हसली. टोपलीवर सोडल्यावर यंत्र आतल्या आत गुणगुणलं आणि फ्लॉपी आपोआप बाहेर आली, मुलानं जीभ काढावी तशी. आतलं सगळं जागच्या जागी.

"आमची टोपली देणारी शे," अक्का म्हणाली. "आणि फाईल टाकली तर पोट फुगवून बसते, गिळत नाही. काढून घेता येते." ते पण दाखवलं तिनं. टोपलीत काही असलं की तिच्या चित्राचं पोट फुगायचं.

आमच्या जेमच्या टोपलीचं पोट कधी फुगायचं नाही. ते माझ्या डोळ्यांना दिसत होतं, पण का फुगत नाही हे मी कुणाला विचारलं नाही. मी तिच्यात काही टाकतच नसे. फ्लॉपी काढायची तर खटक्याचं बटण दाबून ओढून घ्यायची, पीसीला तेवढंच लागतं. अक्काला ते आवडायचं नाही. एकदा जळगावला आली होती तेव्हा माझं काम बघत उभी राहिली आणि म्हणाली, "असं हिसकू नही. पहिलं त्याले सांगवं, मी आते नेस म्हणून." मी आते नेस, म्हणजे मी आता नेते. भरल्या ताटावरनं माणूस उठवू नये तसं काहीसं तिच्या मनात असावं.

अक्काला एकच मुलगी. ती पोर दिवेलागणीपर्यंत गल्लीत खेळायची आणि अक्का ओट्यावर उभी राहून हाक मारायची, "ये वं माय, घर ये." आमच्याकडं लेकीला लाडानं माय म्हणतात. त्या हाकेला गल्लीच्या दुसऱ्या टोकाची कुत्री सुद्धा उठून बसायची.

तो आवाज गेला. घशातली गाठ निघाली, ऑपरेशन झालं, जीव वाचला म्हणाले, पण आवाजाची नळी काढून टाकली. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं. अक्का लेकीची शाळेची पाटी घेऊन बसायची आणि खडूनं लिहायची. पण पाटीवर किती मावतं. आणि पोर नऊ वर्षांची, तिला पाटी वाचायचा कंटाळा. आईनं लिहून पुरं करेस्तोवर ती उठून पळायची. मी हे डोळ्यांनी बघितलंय. अक्का खडू हातात धरून रिकाम्या दाराकडं बघत बसायची.

डॉक्टरांनी दाजींना बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं, आणि अक्काला न सांगता ते कळलं होतं. तिनं छापखान्यात जाऊन मालकांना पाटीवर लिहून विचारलं, दुपारी मॅक रिकामा असतो तेव्हा बसू का. मालक भले. म्हणाले, अक्का, तुमचंच आहे. तिथून पुढं चारेक महिने अक्का रोज दुपारी तिथं बसून लेकीशी बोलली. जे बोलायचं होतं ते सगळं, पोर मोठी झाल्यावर तिनं वाचावं म्हणून. पन्नासेक पानं झाली. माझं काम एवढंच होतं, की जळगावला आमच्या छापखान्यात त्याचं छोटं पुस्तक बांधायचं. एकच प्रत.

धुळ्यात का नाही, असं मी विचारलं. अक्कानं पाटीवर लिहिलं, इथं सगळे वाचतील. ते पुसून खाली लिहिलं, तू बी वाचू नको. पयले पोर.

पानं पुरी झाल्यावरच्या रविवारी मी धुळ्याला गेले तेव्हा तिनं ते सगळं आमच्या पीसीला चालेल अशा फ्लॉपीवर उतरवलं. मॅकवरची मूळ फाईल टोपलीत टाकली आणि टोपली रिकामी करायचा हुकूम देऊन मोकळी झाली. कुणाच्या हाती लागायला नको. मग फ्लॉपीचं चित्र धरलं, टोपलीवर नेऊन सोडलं, आणि तळहात पुढं केला. फ्लॉपी अलगद बाहेर आली. ती तिनं माझ्या हातावर ठेवून माझी मूठ मिटली.

जळगावला येऊन मी फाईल उघडली आणि पडद्यावर नुसता गोंधळ. मॅकवरची मराठी अक्षरं आमच्या यंत्राला ठाऊक नव्हती. तिथला क इथं डॉलरचं चिन्ह, तिथला म इथं कंस, काना म्हणजे कुठली तरी आडवी रेघ. पण अक्का जुळाऱ्याची लेक होती. तिला हे माहीत असणार, कारण फ्लॉपीवर तिनं दुसरी एक छोटी फाईल घालून दिली होती. त्यात नुसती बाराखडी आणि जोडाक्षरं, ओळीनं. मी तो गोंधळ कागदावर छापून घेतला आणि प्रत्येक चिन्हाखाली पेन्सिलीनं अक्षर मांडलं. केसच तयार झाली की माझी, खण आणि खणातला खिळा. आता पन्नास पानांत डॉलर दिसेल तिथं क घालायचा, मग कंसाच्या जागी म, असं एकेक अक्षर बदलत जायचं. वाचायचं कारणच नाही. वडिलांची शिकवण आणि अक्काची आज्ञा, दोन्ही सांभाळलं जात होतं. मला तर त्याचा आनंदच झाला होता. काम कसं होतंय बघायला मुख्य फाईलचं एक पान तेवढं गोंधळासकट छापून बाजूला ठेवलं.

त्या दिवशी दुपारी तीन वाजता वीज जायची होती, तशी ती रोजच जायची. पावणेतीन झाले. शेठ म्हणाले, "बाई, बंद करा आता, मागच्या वेळी पंचायत झाली होती." मी फाईल मिटली. इथंही कुणी वाचू नये म्हणून ती फ्लॉपीवरच ठेवली होती, यंत्रात उतरवली नव्हती. फ्लॉपी काढायला बोट खटक्यावर नेलं, आणि अक्काचं बोलणं आठवलं. हिसकू नही. पहिलं त्याले सांगवं.

दुसरी कुठलीही फ्लॉपी असती तर मी खटका दाबून मोकळी झाले असते. लग्नपत्रिकांच्या शंभर फ्लॉप्या मी हिसकून काढल्या होत्या. ही अक्काची होती. हिला नीट काढावी म्हणून मी माउस धरला, फ्लॉपीचं चित्र उचललं, अक्कानं चार दिवसांपूर्वी नेलं तसं ओढत नेलं आणि केराच्या टोपलीवर सोडलं.

पडद्यावर चौकट आली. इंग्रजीत काहीतरी विचारत होती. मला इंग्रजी अक्षरं ओळखू यायची, वाक्य नाही. खाली ओके होतं. ओके म्हणजे हो, एवढं यायचं. आणि मी माझा तळहात फ्लॉपीच्या फटीखाली धरला. आमच्या यंत्रातनं फ्लॉपी आपोआप बाहेर येत नाही, हे मला माहीत होतं. तरी धरला.

फटीजवळचा दिवा लागला आणि लागूनच राहिला. आत करकर चालू होती. मी हात धरून वाट बघत बसले. दिवा विझल्यावर खटका दाबून फ्लॉपी काढली आणि वीज गेली.

दुसऱ्या दिवशी उघडली तर रिकामी.

मला वाटलं फ्लॉपी बिघडली. जळगावचा उन्हाळा, त्यात कापसाच्या जिनिंगमधनं उडणारी रुई, फ्लॉप्या बिघडायच्याच. टोपलीचा संशय मला आलाच नाही, कारण टोपली देणारी असते हे मी अक्काकडं शिकले होते. मग फ्लॉपीत दम आहे का नाही बघायला मी काय केलं, तर आमच्या शेठचं एक मोठं काम, सगळ्या शाळांच्या निकालपत्रांचं, तिच्यावर उतरवून बघितलं. व्यवस्थित उतरलं. परत काढून बघितलं. व्यवस्थित. मग आणखी एक काम घातलं. फ्लॉपी काठोकाठ भरली तेव्हा माझ्या लक्षात आलं की हिला काही झालेलं नाही.

यंत्र दुरुस्त करणारा आला चार दिवसांनी. शेठशी बोलायचं टाळून मी त्याला कोपऱ्यात घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यानं फ्लॉपी घालून बघितली, मान हलवली.

"ताई, ही मॅकची टोपली नाही. हिच्यात टाकलं म्हणजे पुसलं. ती तुम्हाला विचारतच होती, सगळं पुसू का म्हणून."

"मी ओके म्हटलं," मी म्हणाले.

"तरी निघालं असतं बरंचसं. पुसल्यावर तिला हात लावायचा नव्हता. तुम्ही वरनं हे निकाल घातले ना, ते त्याच जागी बसले."

तो चहा प्यायला थांबला नाही. बरा माणूस होता, माझ्याकडं बघवलं नसावं त्याला.

अक्काला भेटायला गेले त्याच आठवड्यात. वाटेत एरंडोल आलं, पारोळा आलं, आणि मी मनात वाक्य जुळवत होते. सांगायचं ठरवूनच निघाले होते. ती पडून होती, गालांत खड्डे. दाजी पाणी आणायला आत गेले. अक्कानं उशाखालची पाटी ओढली आणि लिहिलं, बठ्ठं उतरनं का? सगळं उतरलं का, एवढंच.

तिच्या हातात ते सगळं पुन्हा लिहायची ताकद नव्हती. पाटीवरचे ते तीन शब्द काढताना तिला दम लागला होता. मी सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं? पन्नास पानं परत कुठनं आणली असती? हे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं. त्या क्षणी असलं काही मनात नव्हतं. त्या क्षणी मी घाबरले, आणि म्हणाले, "उतरनं अक्का. बठ्ठं उतरनं. छपाई चालू शे."

तिनं डोळे मिटले. मग परत उघडून माझ्याकडं बघितलं आणि पाटी पुसून लिहिलं, काबरं रडस?

का रडतेस. मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यात. घरात कसली धूळ, तेही तिनं विचारलं नाही.

ती गेली ते पुस्तक छापलं जातंय या समजुतीत. दाजी भले गृहस्थ. त्यांनी एकदा विचारलं, "पोरीसाठी काही होतं ना तुझ्याकडं?" मी म्हटलं, मोठी झाली की देते. ती फ्लॉपी, ते एक छापलेलं पान आणि पेन्सिलीनं मांडलेली बाराखडी, तिन्ही मी पत्र्याच्या डब्यात घालून कपाटावर टाकली. चिन्हांची केस हाताशी होती, एका दुपारीत ते पान उलगडलं असतं. पण अक्कानं वाचू नको म्हटलं होतं, हे निमित्त मला पुरलं. खरं कारण वेगळं होतं. एक पान वाचलं असतं तर बाकीच्या एकोणपन्नासांत काय होतं याचा अंदाज आला असता.

मधल्या काळात शेठनी नवा पीसी घेतला, त्यावर विंडोज आलं. खिडक्याच खिडक्या, रंग, शिंपल्यासारखी चित्रं. त्या पहिल्या विंडोजवर टोपलीच नव्हती. पुसायचं तर सरळ पुसायचं. सगळे म्हणाले, जेमपेक्षा हळू चालतं. मी म्हटलं, चालू द्या हळू. मला ते आवडलं होतं. टोपलीकडं रोज बघावं लागत नव्हतं.

भाची सतरा वर्षांची झाली आणि कम्प्युटरच्या कोर्ससाठी जळगावला माझ्याकडं राहायला आली. उंच, सावळी, अक्कासारखा कपाळावर मोठा भोवरा. गप्प गप्प असायची. मी बोलायचे आणि ती ऐकायची. सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर छापखान्यात यायची. तेव्हा शेठनी नवं विंडोज घातलं होतं, पंच्याण्णव सालचं, आणि त्याच्या पडद्यावर पुन्हा टोपली होती. ही तिसरी.

एके दुपारी तिनं चुकून एक लग्नपत्रिका पुसली. "अगं, काय केलंस," मी म्हटलं. ती शांत. टोपली उघडली, पत्रिका तिच्यात पडलेली होती, तिला बोट दाखवून एक हुकूम दिला आणि पत्रिका जागेवर.

"बघ मावशी. हिच्यातनं परत येतं."

मी स्टुलावरनं उठले ते थेट घरी, कपाटाकडं. ती मागून विचारत राहिली, काय झालं. डबा काढून आणला, फ्लॉपी तिच्या हातात दिली. म्हटलं, "हिच्यातनं काढून दे."

"काय आहे हिच्यात?"

आणि मग मी सांगितलं. सगळं. मॅकची टोपली, आमची टोपली, ओके, निकालपत्रं, पाटी, काबरं रडस. मी इतकी बोलणारी, पण हे सांगताना शब्द एकेक करून खणातनं उचलावे लागत होते. ती फ्लॉपी हातात धरून ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं ती यंत्रात घातली, बराच वेळ काहीतरी केलं. पडद्यावर शाळांचे निकाल आले. ओळीनं नावं, त्यांपुढं गुण.

"मावशी," ती म्हणाली, "फ्लॉपीवर पुसलेलं या टोपलीत येतच नाही. फक्त यंत्राच्या आतलं येतं."

एवढंच बोलली. मला वाटलं होतं ती ओरडेल. मी तर त्याचीच तयारी आठ वर्षं करत होते. तिनं फ्लॉपी काढली, काढण्याआधी क्षणभर थांबली, आणि खटका हळू दाबला.

"तू आईला खरं का नाही सांगितलंस?"

"घाबरले."

"आणि मला?"

"तेच."

तिनं डब्यातला घडीचा कागद उचलला. "हे काय?"

दुपार उतरेपर्यंत आम्ही दोघी छापखान्याच्या टेबलाशी बसलो. मी बाराखडीच्या कागदावर चिन्ह शोधायचे आणि अक्षर सांगायचे, ती वहीत उतरवून घ्यायची. डॉलर, क. कंस, म. जोडाक्षराला अडकायचो तिथं वेळ जायचा. मी वडिलांच्या सांगण्याप्रमाणं अक्षर अक्षर सांगत होते, शब्दाकडं बघत नव्हते. ते पान कुठलं होतं ठाऊक नाही, मधलंच असावं. पूर्ण झाल्यावर तिनं वही माझ्याकडं सरकवली. "तू वाच."

मोठ्यानं वाचलं मी. आठवतंय तेवढं, जवळजवळ तसंच लिहिते.

'...बिबड्याचं पीठ आंबलं की नाही ते वासावरनं कळतं, बोट घालून बघू नको. तुझी आजी ओरडेल तिला ओरडू दे, ती मनानं वाईट नाही. केस रविवारीच धू, शाळेच्या दिवशी ओल्या केसांनी जाऊ नको, तुला लगेच सर्दी होते. तुझा बाप चहात साखर कमी पडली तरी बोलत नाही, तूच विचारत जा. आणि एक. माझा आवाज तुला पुढं आठवणार नाही असं मला वाटतं. मला माझ्या आईचा आठवत नाही. तसं झालं तर घाबरू नको. मावशीचा आणि माझा आवाज एकच आहे, भलेभले फसलेत. तिला सांग, आई ओट्यावरनं हाक मारायची तशी मार. ती मारेल. ती हाक मारताना तू डोळे मिटून घे आणि'

इथं पान संपलं.

भाचीनं वही मिटली, माझ्या पुढ्यातला छापील कागद घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. म्हणाली, मी घरी जाते, पुढं. मी आवरून अर्ध्या तासानं निघाले.

आमची खोली पहिल्या मजल्यावर होती, खाली फरशीचा बोळ. मी जिना चढून वर आले तर ती खोलीत नव्हती. सज्जातनं वाकून बघितलं. ती खाली बोळाच्या टोकाशी उभी होती, माझ्याकडं पाठ करून, भिंतीला टेकून. दिवेलागण व्हायला आली होती.

मी सज्जाचा कठडा धरला. पहिल्यांदा नुसती हवाच निघाली. मग आवाज निघाला.

"ये वं माय, घर ये."

ती हलली नाही. वळलीही नाही. डोळे मिटले होते की नाही, मला वरनं दिसत नव्हतं.

"परत एकदा," ती म्हणाली.

मी परत मारली. तिनं पुन्हा तेच म्हटलं, मी पुन्हा मारली. किती वेळा ते मला सांगता येणार नाही. शेवटी शेजारची बाई पीठ लागलेल्या हातानं दार उघडून सज्जात आली आणि म्हणाली, "काय वो मावशी, केव्हाची हाका मारताय. पोरगी ऐकत नाही का?"

"ऐकतेय," मी म्हटलं.